मुठीची बरणी

मी बरणी बोलतेय. इकडंतिकडं काय बघता, फडताळाच्या खालच्या कप्प्यात बघा. पिवळट पोट, तपकिरी खांदे, गळ्याला केसाएवढी चीर. हां, तीच मी. जरा हळू बोला मात्र. या स्वैपाकघरात एक गेलेली बाई अजून कान देऊन असते.

जन्म माझा खानापूरच्या भट्टीतला. तिथून निघतानाच गळ्याला चीर पडली, आणि सत्तर साली मी दुर्गदबैलच्या बाजारात हातगाडीवर येऊन बसले. चांगल्या बरण्या पुढं, मी मागं. अंबूताईनं मात्र हात घातला तो माझ्यावरच, आणि बोट ठेवलं ते थेट चिरेवर.

"अण्णा, इदु वडदैतल्ला! फुटकी आहे की ही!"

"फुटकी नव्हे अक्का, नुसती रेघ आहे."

"रेघ तुझ्या कपाळाला असू दे. निम्म्यात देतोस का?"

दिली त्यानं. न देऊन सांगतो कुणाला!

तेल झिरपेल म्हणून लोणचं काही माझ्या नशिबी आलं नाही. मी झाले मुठीची बरणी. अंबूताईला नवरा नव्हता. एकुलता मुलगा जयतीर्थ गोकुळ रोडच्या एका वर्कशॉपात लेथवर होता. त्याचा पगार कधी थांबला तर काय खायचं, याची तिला धास्ती. म्हणून रोज भात टाकायच्या आधी तांदळातली एक मूठ ती माझ्यात टाकायची. दसऱ्याला जुने तांदूळ खायला काढायचे, नवे भरायचे. दोन वर्षांत मी गळ्यापर्यंत भरले. घरात दाणा आला नसता तरी महिना-दीड महिना मी पोसलं असतं सगळ्यांना. काय ऐट होती माझी तेव्हा!

त्र्याहत्तर साली सून आली, अनुसया. तिच्या मागोमाग महागाई आली. बिचारीचा काय संबंध, पण बोळातल्या बायका बोलायच्याच. रॉकेलच्या रांगेत अनुसया सकाळी उभी राहायची ती ऊन डोक्यावर आलं तरी तिथंच. तांदूळ, गोडेतेल, साखर, सगळंच वर चढायला लागलं. घरमालकानंही भाडं वाढवलं. पगार तेवढा जागच्या जागी.

मग एक दिवस सून रांगेत आणि मुलगा कामावर असताना अंबूताईनं माझं झाकण काढलं. टाकायला नव्हे, काढायला. दुसऱ्या आठवड्यात परत. मग परत. घरातल्यांना वाटायचं, आईच्या हाताला बरकत आहे, एवढ्याशा तांदळात सगळ्यांचं भागवते. बरकत कसली! माझं पोट खरवडत होती ती.

तळ दिसला त्या दिवशी ती माझ्यासमोर फतकल मारून बसली. मग बोळात कुणाचं तरी बांधकाम चाललं होतं, तिथून पदरात वाळू घेऊन आली. आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा फाडून माझ्यात सारला, त्यात वाळू ओतली, गाठ मारली आणि वरून दोन मुठी तांदूळ पसरले. मला म्हणाली, "बोललीस तर फोडीन." घ्या! मी काय बोलणार होते?

तिला वाटलं होतं, पुढच्या वर्षी स्वस्ताई झाली की वाळू काढू, तांदूळ भरू. पुढचं वर्ष आलं. स्वस्ताई काही आली नाही.

शहात्तरच्या पावसाळ्यात अंबूताई गेली. जायच्या आधी सुनेचं मनगट धरून म्हणाली, "पोरी, अडल्याशिवाय त्या बरणीत खाली हात घालू नकोस. दसऱ्याला पण काढायचे नाहीत. वरून तेवढे टाकत जा. भरेल ती."

"भरत आलीच आहे की, आत्याबाई."

अंबूताईनं माझ्याकडं बघितलं. काय बघितलं बाई! तसं बघणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आता माझं पाप सांगते. माझ्या पोटात काय आहे ते दोघींनाच ठाऊक होतं, त्यातली एक गेली. ही पोरं अडायच्या आत मी भरायला हवी होते. पण महिनाअखेरीला वरवरचे तांदूळ शिजायला जायचे, आणि अनुसयाची मूठ दर सणाला लहान व्हायला लागली. कमल झाली, खाणारं एक तोंड वाढलं, मूठ आणखी आवळली. एकदा तर चार दाणे टाकून झाकण लावायला निघाली. मी काय केलं, झाकण खुट्ट वाजवलं. नीट बसायचंच नाही कधी ते, जरा अंग चोरलं की वाजायचं.

अनुसया जागच्या जागी थिजली. "आत्याबाई?"

मी परत, खुट्ट.

"टाकते हो, टाकते." दोन मुठी आल्या!

हसले मी पोट धरून. मग रोजचाच खेळ झाला. मूठ लहान दिसली की खुट्ट. ती घाबरून दाराकडं बघायची, हात जोडायची, आणखी टाकायची. ते जास्तीचे तांदूळ येतात कुठून, हे मी विचारलंच नाही. पुढं पुढं दिसलं. नवऱ्याला भात, पोरीला भात, आणि ही पातेल्यातली पेज पिऊन उठते. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या तिच्या. खेळ मग मी थांबवला. पण आता मी गप्प असताना पण ती दचकायची. "टाकले, आत्याबाई," म्हणायची. मला काहीच ऐकू यायचं नाही. तिला यायचं.

ब्याऐंशी साली वर्कशॉपला कुलूप लागलं.

जयतीर्थ मजेत होता. "घाबरतेस काय? आईची बरणी आहे. दीड महिना बसून खाऊ, तोवर उघडेल." त्याचा दोस्त रामचंद्र गॅरेज चालवायचा, तो घरी येऊन म्हणाला, "अरे, माझ्याकडं ये. पगार कमी आहे, पण रोज आहे."

"लेथवरचा माणूस मी. तुझ्याकडं चाकं काढत बसू?"

"बस मग घरात. संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर दुसरा बघतो."

रामचंद्र गेला आणि जयतीर्थनं बायकोला सांगितलं, "जा, बघून ये. किती दिवस जातील ते."

अनुसया माझ्यापुढं बसली. आधी हात जोडले. "आत्याबाई, आता अडलंय हो," म्हणाली आणि हात घातला. मनगट बुडेपर्यंत तांदूळ लागले. मग कापड. तिनं गाठ चाचपली, सोडली. बोटं वाळूत गेली आणि तिथंच राहिली.

"किती आहे गं?" बाहेरून जयतीर्थ ओरडला.

मला वाटलं, आता ही मला आपटते. आपटलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. तिनं लुगड्याचं टोक वर ओढून नाकाला लावलं. डोळे भरले. "किती भ्यालात हो तुम्ही," एवढंच म्हणाली, माझ्यात तोंड घालून. मग गाठ मारली, तांदूळ सारखे केले, झाकण लावलं आणि पदर खोचून बाहेर गेली.

"अहो, आत्याबाई रागावल्यात."

"कोण?"

"झाकण वाजलं, ऐकलं नाही? म्हणायल्यात, धडधाकट माणूस घरात असताना माझ्या बरणीला हात लावायचा नाही. आधी त्या रामचंद्राकडं जायचं म्हणे."

झाकण वाजलं नव्हतं! देवाशपथ सांगते, मी हूं की चूं केलं नव्हतं. माझ्यावर कुरघोडी केली पोरीनं. जयतीर्थनं डोकं खाजवलं. "आई असंच बोलली असती," म्हणाला आणि चपला घातल्या.

वर्कशॉप पुन्हा उघडलं नाही. तो गॅरेजातच राहिला. आता अठ्ठ्याऐंशी साल चाललंय. अनुसया अजून मूठ टाकते, पण वरचे तांदूळ कधी कमलच्या फीसाठी विकले जातात, कधी भाडं चढलं की घरातच शिजतात. मी खांद्यापर्यंत काही आले नाही. जयतीर्थ मात्र काळजीत असला की येतो, मला जरा तिरकी करून बघतो, जड लागते, आणि निवांत जेवतो.

तुमच्या घरी अशी एखादी बरणी असेल तर बायांनो, माणूस जितं आहे तोवर तळापर्यंत हात घाला. विचारा, खाली काय आहे. लाजू नका. आणि भरणाऱ्या असाल तर सुनेला खरं सांगून जा. मला आता हे ओझं पेलत नाही.

परवा ते इरकली जीर्ण होऊन फाटलं. वाळू तांदळात यायला लागली. मला वाटलं, सुटले, आता फेकून देईल. अनुसयानं दार लोटून घेतलं. वाळू चाळून घेतली. पेटीतून आपली लग्नातली हिरवी साडी काढली, तिचा पदर टर्रकन फाडला आणि वाळू त्यात बांधून परत माझ्यात ठेवली. वर तांदूळ पसरले.

संध्याकाळी जयतीर्थ आला. मला तिरकी करून बघितलं.

"जड आहे की गं."

"आहे तर," ती म्हणाली.

आवाज अंबूताईचा होता.