चौथी जागा रिकामी

आरोग्य केंद्राच्या खिडकीशी मिकाएला इश्कोय तिसऱ्यांदा आली, तेव्हा नोंदणी सांभाळणाऱ्या एर्सिलियाने मान वर न करताच सांगितलं, "बाई, शस्त्रक्रियेच्या यादीत नोएमी नाही. तुम्ही नाव नोंदवलं नसेल."

"नोंदवलं होतं, सेन्यो," मिकाएला अदबीने म्हणाली. "तुमच्याच हातून."

डोळ्यांचे डॉक्टर राजधानीहून आले होते आणि उद्या संध्याकाळी परत जाणार होते. तिच्या सहा वर्षांच्या मुलीच्या, नोएमीच्या, डोळ्यावरचा पडदा आता काढला नाही तर तो डोळा जाईल, असं तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं. तोच कागद काचेला लावून मिकाएला उभी होती.

बाईची खात्री पटावी म्हणून एर्सिलियाने मूळ नोंदी उघडल्या. नोएमी तिथे होती.

शेजारच्या टेबलावरून वयाने मोठे सहकारी डॉन तेओदोरो म्हणाले, "कॉम्प्युटर पोरं गिळायला लागला की काय?"

एर्सिलियाला हसू आलं नाही. तिला शुक्रवार आठवला. यादी काढून देणारा, डेटाबेसमध्येच ठेवलेला प्रोसिजर, म्हणजे छोटा प्रोग्राम, प्रत्येक मुलामागे चार गोष्टी मागायचा: नोंदणी क्रमांक, नाव, वडिलांकडचं आडनाव, आईकडचं आडनाव. यादी एक्सेलमध्ये उतरता उतरता मध्येच अडत होती. चौथा पॅरामीटर, म्हणजे चौथी माहिती, मिळाला नाही, एवढंच पडद्यावर यायचं. उपवासकाळातला शुक्रवार, चर्चमध्ये क्रूसवाटेची प्रार्थना सुरू व्हायला आलेली. तिने एक ओळ घातली: चूक आली तर ते नाव सोड, पुढे चल. यादी सरळ उतरली. तिने वेळेवर गुडघे टेकले, वर देवाचे आभारही मानले.

चौथी जागा कोणाची रिकामी असते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बापाने पदरात न घेतलेलं मूल आईच्या एकाच आडनावावर वाढतं; ते वडिलांच्या, तिसऱ्या जागी लिहितात आणि चौथी रिकामी राहते. ती स्वतः बारा वर्षांची होईपर्यंत तशीच होती. हजेरी घेताना बाई तिच्या नावापाशी थांबायच्या, आणि सगळा वर्ग वळून बघायचा.

तिने आपली ओळ पुसली. आईकडचं आडनाव नसलं तरी चालेल, अशी सोय प्रोसिजरमध्ये केली आणि यादी पुन्हा काढली. सात नावं वाढली. सातही एकेका आडनावाची.

"कॉम्प्युटर बिघडला होता म्हणून सांग," तेओदोरो हळूच म्हणाले. "कोण विचारतंय?"

"मी सांगितलं तेच त्याने केलं, डॉन तेओ."

ती आधी डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी सातही नावं आपल्या यादीत लिहून घेतली. "सातही मुलांना उद्या सकाळी सहाला उपाशीपोटी आणा," एवढंच म्हणाले.

मग ती अंगणात, रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर, मिकाएलापाशी गेली.

"चूक माझी होती. नाव मी गाळलं, आणि दोष तुम्हाला दिला."

मिकाएलाने कागदाची घडी केली. "आता आहे ना नाव?"

"आहे. उद्या सहाला या."

"बरं झालं, सेन्यो." तिने पाठीवरच्या शालीत झोपलेल्या पोरीला सावरलं. "मी तिला सांगून बसले, बाप नाही म्हणून आपल्याला घेत नाहीत."

एर्सिलियाला म्हणायचं होतं की तसं नाही. पण तसंच तर झालं होतं. ती मान खाली घालून उरलेल्या सहा आयांचे पत्ते उतरवून घ्यायला आत गेली.