चारूच्या घरची आखाजी

शाळेतून फोन आला तेव्हा धर्मेंद्र साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. हेडमास्तरांनी विचारलं, तुम्ही चारुलता मॅडमचे मिस्टर ना? धर्मेंद्र अडखळला. दोघांनी संमतीने घटस्फोटाचा अर्ज टाकला होता, पण कोर्टाचा निकाल यायचा होता. तो हो म्हणाला. मग हेडमास्तरांनी सांगितलं, मॅडम वर्गातच खाली बसल्या आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेल्या.

शहाद्याहून नंदुरबारला तो कसा पोचला ते त्याला आठवत नाही. घरात बायका जमल्या होत्या. चारूला हिरवं लुगडं नेसवलं होतं. कुणीतरी म्हणालं, नवऱ्याला बोलवा, कुंकू लावायचंय. धर्मेंद्र दारातच थांबला. घटस्फोटाचं त्या घोळक्यात एकट्या कौसाबाईंना, चारूच्या आईला, ठाऊक होतं. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. कौसाबाई उठल्या आणि कुंकवाचा करंडा त्यांनी त्याच्या हातात ठेवला.

"लावा जवाईबुवा," त्या हळूच म्हणाल्या. "अजून काई तुटेल नही शे."

त्याने कुंकू लावलं.

तसं त्या दोघांचं मोठं भांडण कधी झालंच नव्हतं. मूलबाळ झालं नाही आणि हळूहळू बोलणं आटलं. तो शहाद्याला खोली करून राहू लागला, ती नंदुरबारच्या घरात राहिली. घर दोघांच्या नावावर आणि बँकेकडे गहाण. वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा धर्मेंद्र आपण होऊन म्हणाला, घर तुझं. फरशी तिने निवडलेली, ओट्यावरची तुळस तिची, स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी गवंड्याशी वाद घातला तोही तिनेच. निकालाआधी त्याने हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि उरलेलं कर्ज तिने आपल्या पगारावर घ्यायचं, असं ठरलं. गहाण घर म्हणून आधी बँकेची संमती लागणार होती. त्यासाठी दोघांनी मिळून खेटे घातले आणि त्या खेट्यांत पुन्हा बोलू लागले. एकदा त्याची सही जुन्या सहीशी जुळेना. साहेबाने पुन्हा पुन्हा करायला लावली. चारू म्हणाली, "सोडायच्या वेळी यांचा हात जड होतो, साहेब." साहेब हसला, धर्मेंद्रही हसला. बाहेर येऊन दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. तिथूनच तिने आईला फोन लावला.

"माय, औंदा आखाजीले मी नही येवाव. तूच मन्हा घर ये."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी जातात. ही आईलाच बोलवत होती, स्वतःच्या घरी. फोन ठेवताना तिचा चेहरा असा खुलला होता की धर्मेंद्र बघतच राहिला. चहाचे पैसेही तिनेच दिले.

बँकेची संमती आली, आणि दस्ताची तारीख घ्यायच्या आतच ती गेली.

तिचे दिवस उरकल्यावर तो वकिलाकडे गेला. निकाल झालेला नाही, वकील म्हणाले, म्हणजे कायद्याने नवरा तुम्हीच, आणि मूल नाही, मृत्युपत्र नाही, तेव्हा तिचा अर्धा हिस्साही तुमच्याकडेच येणार. अर्धं द्यायला निघालेल्या माणसाकडे सगळं घर आलं. धाकट्या भावाने सुचवलं, विकून मोकळा हो. पण घर चारूच्या माणसांकडेच जायला हवं, एवढंच धर्मेंद्रच्या डोक्यात होतं. कळसाडीला, चारूच्या माहेरी, जाऊन त्याने कौसाबाईंना सांगितलं, घर तुमच्या नावावर करतो. कौसाबाई कापूस निवडत होत्या. म्हणाल्या, मी काय करू त्या घराचं, पोर नाही तिथं. तो पुन्हा गेला, त्या पुन्हा नाही म्हणाल्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी त्यांनीच फोन केला. वर्षात गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला घागर भरतात. चारूची कुठे भरायची, असं त्यांनी विचारलं. कळसाडीला की तुमच्या खोलीवर?

"तिच्या घरी," धर्मेंद्र म्हणाला. "तिने तुम्हाला बोलावलंय."

कौसाबाई म्हणाल्या, मग घागर मी आणते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने कौसाबाई उतरल्या. लाल घागर मांडीवर धरून आणली होती. धर्मेंद्रने कुलूप काढलं. तो आठवड्याला येऊन तुळशीला पाणी घालून जायचा, त्यामुळे ती तगली होती. कौसाबाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि खिडकी उघडून पाहिली. मग दोघांनी मिळून घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आंबे ठेवले, सांजोऱ्या ठेवल्या. धर्मेंद्रने नाव घेऊन पाणी सोडलं. कौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या म्हणाल्या, "मन्ही पोरनं घर शे हाई. कोनले इकू नका."

"तुमच्याच नावावर करतो," तो म्हणाला.

या वेळी त्या नाही म्हणाल्या नाहीत. आमरस वाढू लागल्या.

कौसाबाईंना चारूसारखा पगार नाही, म्हणून आता गहाण सुटल्याशिवाय बँक नाव बदलू देत नाही. हप्ते धर्मेंद्र भरतो. चारूचं नाव अजून त्याच्या नावाशेजारी आहे, आणि कौसाबाईंच्या नावाचा दस्त व्हायचा राहिला आहे.