दारुड्या लालाची तागडी

मी लाला हरद्वारीलालच्या दुकानातली तागडी बोलतेय. हो, त्याच दारुड्या लालाच्या. आधी ऐका, मग तोंडं वाकडी करा.

रेवाडीच्या तांबटानं माझी पितळी पारडी ठोकली. लालाच्या बापानं मला आणलं, पण माझं आयुष्य गेलं लालाच्या हातात. चाळीस वर्षं त्यानं हळद, गूळ, डाळ तोलली. हात असा, की काटा मधोमध येऊन झोपायचा. त्या घरात कांदासुद्धा शिजत नव्हता, दारू कुठली?

एका हिवाळ्यात काटा झोपेचना. लालाचा हात थरथरत होता.

"काय लाला, दांडी मारून मापात पाप करायला लागलास?" गिऱ्हाइकं हसत विचारायची. मेली फुकट सांडलेली डाळ गोळा करून नेत होती, ती नाही कुणी परत केली. पुढं मानही हलायला लागली. लालाच्या बापाचं असंच झालं होतं. मी पाहिलंय ते. पोरांनी ऐकलं होतं.

पोरं दोन. थोरला जगमोहन, धाकटी बिमला. बिमलाची सोयरीक नारनौलच्या घरी जमत आली होती. मुलाचे ताऊजी, म्हणजे थोरले काका, दुकान बघायला आले. लालानं त्यांना द्यायला बदाम तोलायला घेतले आणि माझी पारडी एकमेकांवर आपटली.

"थंडी वाजते का लालाजी?"

लालाला खोटं बोलता यायचं नाही. "थंडी नाही हो. माझ्या बापालाही..."

"पितात ते," जगमोहन मध्येच म्हणाला. "सकाळपासून पितात, ताऊजी. तुमच्यापासून काय लपवायचं?"

लालानं पोराकडे बघितलं. मग आतल्या पडद्याकडे. पडद्याखाली बिमलाचे पाय दिसत होते. त्यानं मला खाली ठेवलं.

"हो," म्हणाला. "सुटत नाही."

ताऊजी मोकळेपणानं हसले. "दारू माणसाबरोबर जाते. रक्तात काही नाही ना, मग झालं."

लग्न झालं. कन्यादान चुलत्यानं केलं, लालाला मागच्या खोलीत कडी घालून बसवलं. दवाखाना नाही, कारण तिथं आजाराचं नाव निघालं असतं. खोटं इतकं मुरलं की जगमोहन घरातही खेकसायचा, "ढोसून आलात का?" लाला हातातलं ताक अंगावर सांडत मेला. बाजार म्हणाला, दारूनं खाल्ला.

दिवाळीला आमच्याकडे तागडीची पूजा असते. घरातल्या कर्त्यानं कुंकवाचं स्वस्तिक काढून मला लक्ष्मीसमोर उचलायचं, रिकामी पारडी एका पातळीत आली की आरती. यंदा बिमला पोरीला घेऊन माहेरी आलेली. जगमोहननं मला उचललं.

काटा थांबेना.

सगळे बघत राहिले. बिमलाची सहा वर्षांची पोर म्हणाली, "मामा, तू पण पितोस?"

जगमोहननं मला खाली ठेवलं. "हो बेटा," तो म्हणाला. "पितो."

बिमला त्याच्याकडे बघत नव्हती. ती मांडीवरच्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती.

आता मला मोडीत घाला, वितळवा, माझ्या वाट्या करा. या घराची मला माया उरलेली नाही. पण तोवर खुंटीवर आहे मी. माझ्यासमोर लालाला दारुडा म्हणायचं नाही.