सातनं कमी

उर्वशी तिसरीत शिकत होती, पण गणितापुरतं तिला पाचवीत बसवायचं, हा तिच्या बापाचा, संघर्षचा हट्ट. धम्मरत्न सर म्हणाले होते, "वर्ग नका बदलू. तिच्याच वर्गात मी तिला वेगळी, अवघड कोडी देतो." संघर्षनं ऐकलं नाही. कोडी सोडवून दिग्रसमध्ये कोणाची पोरगी पुढं गेली होती?

आता तिला सहावीत न्यायचं म्हणून सरांनी पेपर घेतला. संघर्ष कापसाच्या जिनिंगवरचं काम आटोपून घरी आला, तर दहापैकी शून्य. पोरीचं डोकं चालेनासं झालं की काय? त्यानं एकेक गणित करून पाहिलं. पहिलं उत्तर सातनं कमी होतं. दुसरंही. दहाही उत्तरं बरोब्बर सातनंच कमी होती.

म्हणजे तिला सगळंच येत होतं. हे कळल्यावर तो जास्तच घाबरला.

"काहून असं केलं, बेटा?"

उर्वशी दाराला चिकटून उभी होती.

"बरोबर आलं की तुम्ही मले अजून मोठ्या वर्गात बसवता," ती हळूच म्हणाली. "पाचवीच्याच बाकावर माहे पाय खाली टेकत नाहीत, बाबा."