घाटीफेरीचे गुण

अरणगढच्या घाटीफेरीला गुण द्यायचं काम आलं, तेव्हाच सावनीने परीक्षितला सांगून टाकलं होतं, "सर, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या. साधनाकाकू मला घरच्यासारख्या आहेत."

परीक्षित तिचा वरिष्ठ. जयपूरच्या मालवीय नगरमधल्या त्यांच्या कंपनीत माणसं मोजकीच, आणि त्या आठवड्यात बाकी सगळे उदयपूरच्या कामात अडकलेले. त्याने लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं, "घरच्यासारख्या आहेत म्हणून गुण वाढवून देशील?"

"नाही."

"मग जा की."

अरणगढ म्हणजे अरवलीतलं थंड हवेचं ठिकाण. एक तळं, तळ्याकाठी हॉटेलांची रांग आणि वर जंगल. हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांकडून खोलीमागे थोडा कर घेतात आणि त्यातून गावच्या उत्सवांना, मेळ्यांना निधी देतात. निधी कुणाला द्यायचा ते एक समिती ठरवते. बहुतेक हॉटेलमालक जयपूरचेच, म्हणून समितीही जयपूरलाच भरते. पण पैसे देऊन मोकळं व्हायचं, असं नाही. प्रत्येक कार्यक्रम बाहेरचं कुणीतरी जाऊन बघून येतं. माणसं किती आली, मुक्कामाला किती राहिली, गावाच्या पदरात काय पडलं, आणि सगळं सुखरूप पार पडलं का. या शेवटच्या मुद्द्यावर नापास झालं, की बाकीचे गुण कितीही असोत, निधी बंद. सावनीची कंपनी हे बघण्याचं काम करायची.

आणि घाटीफेरी काकूंची. डॉक्टर साधना जयपूरच्या एका रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ होत्या आणि त्यांचे यजमान मोरेश्वरकाका महाविद्यालयात भूगोल शिकवायचे. सावनी सांगलीहून नोकरीसाठी जयपूरला आली ती त्यांच्या आदर्श नगरच्या घरात, वरच्या खोलीत राहायला. पहिल्याच पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. तेव्हा काकू रजा टाकून तिच्या उशाशी बसून होत्या आणि काका वाटीत डाळिंबाचे दाणे सोलून आणत होते. निवृत्तीनंतर दोघं अरणगढला जाऊन येऊन राहू लागली, आणि काकूंनी ही फेरी सुरू केली. तळ्यापासून वरच्या देवळापर्यंत चढायचं आणि घाटीला वळसा घालून उतरायचं. शाळेतली मुलं, हॉटेलातले वेटर, पाहुणे, पुजारी, सगळे एकत्र. एरवी पाहुण्यांनी गाड्यांतून यायचं आणि गावकऱ्यांनी रस्त्याच्या कडेला सरकायचं, अशा गावात हे लोकांना फार आवडलं.

जानेवारीतल्या त्या सकाळी अरणगढवर धुकं उतरलेलं होतं. प्रत्येकाच्या गळ्यात बगरूहून छापून आणलेला लाल पंचा. पोरांचा गलबला चाललेला, चहाच्या पिंपांतून वाफा निघताहेत. सावनी लोकांशी बोलत, टिपणं करत चढत होती आणि मनातून खूश होती. गुण द्यायला हात आखडावा लागेल, असं काही दिसत नव्हतं.

देवळाच्या खाली वाट फुटते. डावीकडे घाटीत उतरणारी पायवाट, उजवीकडे जुन्या कुंडाकडे जाणारी. कुंडाच्या पलीकडे जमीनच नाही, सरळ कडा. त्या फाट्यावर माणूस उभा असणार, असं नकाशावर होतं. सावनी फाट्याशी आली तर तिथे कुणीच नव्हतं. झुडपाला टेकवलेलं लाल निशाण तेवढं होतं. धुकं इतकं दाट, की दहा-बारा पावलांपलीकडचं दिसेना.

तिने उजवीकडे पाहिलं. लाल पंच्याचा एक ठिपका धुक्यात विरघळत होता.

"ए! रुको!" ती ओरडली. "उधर नहीं!"

ठिपका थांबला नाही. सावनी धावत सुटली. दगडांवर दव होतं, पाय घसरत होते. कुंडाची पायरी ओलांडल्यावर तिला ती मुलगी दिसली, आठ-नऊ वर्षांची, दोन्ही हात पुढे करून चाचपडत चाललेली. खेळ असावा तशी हसत होती. सावनीने तिचा पंचा मागून धरला आणि जोरात ओढलं. दोघी पाठीवर पडल्या. मुलीच्या चपलेखालून सुटलेला दगड खाली गेला, आणि तो कुठे आदळल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

"दीदी, आप रो क्यों रही हो?" मुलीने विचारलं.

तिला घट्ट धरून सावनी फाट्यावर परत आली. मागून येणाऱ्या दोन वेटरांना तिथे उभं केलं, आणि मगच तिचं लक्ष वर लागूनच असलेल्या देवळाच्या कट्ट्याकडे गेलं. मोरेश्वरकाका तिथे बसले होते. छातीवर 'मार्गदर्शक' लिहिलेली पट्टी, मांडीवर काठी.

"काका! तुम्ही फाट्यावर होतात ना?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ओळख होती, पण कुठेतरी तळाशी गेलेली. "कसला फाटा?" ते म्हणाले. "आम्ही दर्शनाला आलोय ना? ही आत गेली आहे बहुतेक."

काकू खाली तळ्यापाशी होत्या.

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी काकूंनी तिला आदर्श नगरला जेवायला बोलावलं. जाऊ नये हे कळत असूनही सावनी गेली. दार काकांनी उघडलं, "अरे, सावनी!" म्हणून तोंडभर हसले, तिची नोकरी कशी चाललीय ते विचारलं. ताटं घेतल्यावर पुन्हा तेच विचारलं, त्याच कौतुकाने. काकूंनी मध्येच आमटीची वाटी पुढे सरकवली. जेवण झाल्यावर काका आत आडवे झाले आणि काकूंनी खोलीचं दार हलक्या हाताने ओढून घेतलं.

"अहवालात काय लिहिलंयस?"

"काकू, ते मला आज सांगता येणार नाही."

"फाट्याचं लिहिलंयस. तुझ्या तोंडावरच दिसतंय."

सावनीने ताटं एकावर एक ठेवली.

"मीच उभं केलं गं त्यांना तिथे," काकू म्हणाल्या. "घरात नुसते बसून असतात. म्हटलं, काहीतरी काम हाताशी असलं की बरं. मतलब, मला दिसत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच्या घरात हे मी उंबऱ्यातूनच ओळखलं असतं. आपल्या घरात..." त्यांनी टेबलावरचे भाकरीचे कण बोटाने गोळा केले. "पुढच्या वर्षी प्रत्येक फाट्यावर दोन-दोन माणसं उभी करते. पोलीस आणते. तू फक्त तेवढं वाक्य काढ. निधी गेला तर फेरी बंद पडेल. आणि यांचं नाव गावभर होईल. वेडा ठरवतील त्यांना."

"त्यांचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही."

"विचारतील ना पण!"

"काकू, ती मुलगी कड्यावर होती. माझ्या हातात तिचा पंचा आला नसता तर..."

"आला ना? मुलगी घरी आहे, सुखरूप आहे."

"माझ्या हातात आला, काकू. व्यवस्था होती म्हणून नाही. मी योगायोगाने तिथे होते."

काकूंनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. डेंग्यूच्या त्या पावसाळ्याची आठवण त्यांच्या ओठांवर आली होती, हे सावनीला बरोबर कळलं. त्यांनी ती बोलून दाखवली नाही, आणि त्यामुळेच तिला तिथे बसवेना. ती उठली. काकू दारापर्यंत आल्या नाहीत.

ऑफिसात परीक्षितने अहवाल वाचला आणि खुर्ची मागे रेलली. "बाकी सगळ्या मुद्द्यांत ही फेरी सर्वांत वरचढ आहे. समितीलाही घाटीफेरी हवीय, पेपरात फोटो येतात त्यांचे. तू असं लिही, 'मार्गदर्शनात किरकोळ त्रुटी.' खोटंही नाही."

"किरकोळ नव्हती सर."

"काही झालं तर नाही ना?"

"झालं असतं तर आपण इथे बसून शब्द शोधले नसते."

परीक्षितने अहवाल तिच्याकडे सरकवला. "वाचणार तूच आहेस. सहीही तुझीच. ठरव."

बैठक एका हॉटेलच्या सभागृहात होती. अध्यक्ष सिंघवीजी, समितीचे सदस्य, सावनीशेजारी परीक्षित, आणि भिंतीकडच्या खुर्च्यांवर निधी मागणारे आयोजक. काकू बगरूची गडद निळी साडी नेसून आल्या होत्या, ताठ बसल्या होत्या. त्यांनी सावनीकडे पाहिलं नाही. हॉटेलवाल्यांच्या नववर्ष महोत्सवाचं आधी झालं. गर्दी भरपूर, पण गावकऱ्यांची नाराजी, कचरा, रात्रभर कर्णे. सदस्यांनी माना हलवल्या. मग घाटीफेरी.

सावनी उभी राहिली. गर्दीचं वाचलं, मुक्कामाचं वाचलं. गावातल्या बायका काय म्हणाल्या ते वाचलं, तेव्हा सिंघवीजींनी टेबलावर थाप मारली. "वाह, डॉक्टर साहिबा! ऐसा होना चाहिए." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकूंच्या चेहऱ्यावर किंचित रंग आला. सावनीने कागद टेबलावर ठेवला आणि न वाचताच पुढचं सांगितलं. देवळाखालचा फाटा, धुकं, कुणी नसणं, कुंड, मुलगी. "सुरक्षिततेत मी हा कार्यक्रम नापास केला आहे," ती म्हणाली.

चहा देणारा माणूस किटली धरून जागच्या जागी थांबला.

"ड्यूटी किसकी थी वहाँ?" एका सदस्याने विचारलं.

"ते अहवालात नाही."

"पण तुम्हाला ठाऊक आहे?"

"हो."

"तो बताइए. बच्ची की जान का सवाल है."

सावनीने परीक्षितकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली. सदस्याने पेन टेबलावर आपटलं. "मॅडम, आम्ही वाट बघतोय."

"मेरे पति थे," मागून आवाज आला.

काकू उभ्या राहिल्या होत्या. "मोरेश्वर. त्यांना विसरायला होतं. अजून निदान केलेलं नाही, कारण मी त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही. मी, स्वतः डॉक्टर असून. त्यांना तिथे मी उभं केलं. चूक त्यांची नाही, माझी आहे." त्यांचा आवाज रुग्णाच्या आईला सांगावं तसा सरळ होता. फक्त पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "या मुलीने जे सांगितलं, ते सगळं खरं आहे."

सिंघवीजींनी चष्मा काढला. आपसांत थोडी कुजबुज झाली. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण नियम तो नियम. घाटीफेरीचा निधी या वर्षी बंद. प्रत्येक फाट्यावर प्रशिक्षित माणसं आणि पोलिसांची लेखी परवानगी असेल, तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. काकूंनी मान डोलावली आणि पिशवी उचलली.

सावनी जिन्यात त्यांच्यामागे धावली. "काकू!"

"आत्ता नको, सावनी," काकू न वळता म्हणाल्या, आणि रिक्षात बसून गेल्या.

मग कितीतरी दिवस काही कळलं नाही. सावनीने फोन केले, ते वाजत राहिले. एकदा ती आदर्श नगरपर्यंत गेली आणि गल्लीच्या तोंडावरून परत फिरली. ऑफिसात सगळे तिच्याशी जरा जपून बोलत. आपण बरोबर केलं, हे तिला माहीत होतं. पण त्याने झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं.

होळी उलटून गेल्यावर एका सकाळी, ती स्कूटर काढत असताना फोन आला.

"माझ्या जुन्या रुग्णालयात ये," काकूंचा आवाज. "न्यूरोच्या ओपीडीत."

"काय झालं?"

"काही झालेलं नाही. डॉक्टरांशी मला एकटीने बोलायचंय. यांच्याजवळ कुणीतरी ओळखीचं बसायला हवं. अनोळखी माणसाला घाबरतात आता."

सावनी पोचली तेव्हा ओपीडीच्या बाहेर गर्दी होती. काका भिंतीकडच्या बाकावर, स्वेटरची बटणं वर-खाली लावलेली. काकू उभ्याच होत्या. डोळ्यांखाली काळं आलेलं, हातात फाइल.

"राग गेलेला नाही माझा," त्या म्हणाल्या.

"हो, काकू."

"तू खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं, असं अजूनही वाटतं एखाद्या दिवशी. मग ती पोर आठवते." आतून नंबर पुकारला गेला. काकूंनी वाकून काकांची बटणं नीट लावली. "यांना पाणी दे थोड्या वेळाने. आणि कुठे उठून गेले तर हात धर, नुसती हाक मारू नकोस."

त्या आत गेल्या. सावनी काकांशेजारी बसली. काकांनी तिच्याकडे वळून पाहिलं, ओळखू पाहिलं, आणि जमलं नाही तसे सभ्यपणे हसले.

"आपण कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"सांगलीची."

"वा! कृष्णेकाठची." आणि त्यांनी तिला कृष्णा कुठे उगम पावते, कोयना तिला कुठे येऊन मिळते, ते समजावून सांगायला सुरुवात केली, सावकाश, एकही गाव न चुकता. सावनीने त्यांचा हात धरला आणि ऐकत राहिली.