मिठाच्या खड्ड्यावरचा पहारा

मित्रांनो, रानात फिरताना एखाद्या झाडाच्या कमरेला पट्टा बांधलेला आणि त्यात हिरवट-तपकिरी डबा अडकवलेला दिसला, तर तो उचकटू नका. तो माझा कुणी भाऊबंद असेल. मीही तसाच एक कॅमेरा आहे, रानात पहारा देऊन जुना झालेला. माझ्या अंगावर काळी चिकटपट्टी लावली आहे, कारण एका अस्वलाने मला एकदा चावून पाहिले. त्याला मी आवडलो नाही आणि मलाही ते आवडले नाही.

माझी कळ कुणाला दाबावी लागत नाही. समोरून ऊब असलेले काहीही हलले की मी जागा होतो, एक चित्र टिपतो आणि पुन्हा गप्प बसतो. वाऱ्याने हलणारी पाने, पडणारे बर्फ यांच्याशी मला देणेघेणे नसते. मला जिवंत अंग लागते. हे काम सोपे वाटते, पण हाडे गोठवणाऱ्या थंडीत, भिंगावर दहिवर साचलेले असताना ते करून दाखवा म्हणजे कळेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. पहिली आठवण आहे ती अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातल्या दुकानाची. नारिंगी टोप्या आणि काडतुसांची खोकी यांच्या मधल्या फळीवर मी बसलो होतो. आयली काँगास नावाच्या बाईने मला उचलले, उलटेपालटे करून पाहिले आणि आपल्या म्हाताऱ्या वडिलांना भेट म्हणून नेले.

वडिलांचे नाव उर्हो. त्यांनी खोके उघडले आणि नाक मुरडले.

"बंदूक आहे, डोळे आहेत. हे तिसरं लचांड कशाला?"

"बाबा, तुमचे गुडघे चालताना दारासारखे करकरतात. रोज ओढा ओलांडून हरणांचा माग कोण काढणार?"

"मग नाही काढणार! हरणाला आधी फोटोत बघायचं, ते कधी येतं कधी जातं ते पाठ करायचं, मग ठरल्या वेळी जाऊन मारायचं. ही शिकार झाली का? हे तर दबा धरून पाकीट मारणं झालं."

आयलीचा धाकटा भाऊ डेल मात्र खूश झाला. त्याने त्याच दिवशी मला नेले आणि एका मेपलच्या खोडाला करकचून बांधले. समोर एक कुजका बुंधा होता. त्यावर मिठाची चाटण वीट ठेवलेली होती, गुरांना देतात तशी. उर्हो तरुण असल्यापासून तिथे अशी वीट ठेवत आले होते. पावसाने विरघळली की नवी ठेवायची. हिवाळ्यात हरणांच्या अंगात जोर राहावा म्हणून ठेवतो, असे ते म्हणत आणि त्यांना ते मनापासून वाटत असे. डेलची दानत याहून मोठी होती. तो बुंध्याच्या बाजूला साखरबीट आणि सफरचंदांचा ढीग ओतत असे. त्याचा हेतूही त्याने कधी लपवला नाही. हरीण ढिगाशी आले की बंदुकीच्या टप्प्यात येते, एवढेच.

मित्रांनो, मी तिथे कितीतरी वर्षे राबलो. माद्या, त्यांची ठिपक्यांची पाडसे, मानेएवढी शिंगे मिरवणारे नर, सगळे माझ्यासमोर जेवले. दर नोव्हेंबरात, शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, मला सोडवून कॅम्पवर नेत. कॅम्प म्हणजे काँगास कुटुंबाचे रानातले लाकडी घर. टेबलावर गरम पेस्टीची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंज्यांची, ताटली आणि तिच्या शेजारी मी. माझ्यातली चित्रे पडद्यावर उमटू लागली की सगळ्यांच्या माना एकदम पुढे येत. नाक मुरडणारे उर्होसुद्धा चष्मा पुसायला लागत. माझे कौतुक होई. ते मला आवडत असे, का खोटे बोलू?

एके वर्षी माझ्या एका चित्राच्या कोपऱ्यात नुसती एक लांब शेपूट आली. शेजारच्या कॅम्पचा क्लॅरेन्स त्या दिवशी कॉफी प्यायला आला होता. तो उठूनच उभा राहिला.

"प्यूमा! मी सांगत नव्हतो? इथे प्यूमा आहे!"

"तुझी मांजर असेल ती," डेल म्हणाला. "आमच्या कचऱ्यावर जगून एवढी झाली आहे, की तिच्यासाठीसुद्धा शिकारीचा परवाना काढावा लागेल."

त्या शेपटीवरून दोन हिवाळे वाद चालला. खरे काय ते मला ठाऊक आहे, पण मला तोंड नाही.

मग एका वर्षी वेगळी बातमी आली. शेजारच्या जिल्ह्यात हरणांमध्ये झुरणीचा रोग सापडला. या रोगात हरीण वाळत जाते, मान खाली घालून लाळ गाळत उभे राहते आणि मरते. त्याला औषध नाही. लाळेतून तो पसरतो आणि जमिनीतही वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून आमच्या जिल्ह्यातही हरणांना खाणे टाकायला बंदी झाली. मीठसुद्धा ठेवायचे नाही.

कॅम्पवर आगडोंब उसळला.

"रान आपलं, बीट आपले, आणि हे कोण सांगणार?" डेलने टेबलावर मूठ आपटली.

"मी तर टाकणार," क्लॅरेन्स म्हणाला. "कुणी विचारलं तर म्हणेन, गाडीतून सांडले."

"दर शनिवारी, एकाच जागी सांडले?" आयलीने विचारले.

"खड्डा आहे रस्त्यात."

सगळे हसले, पण आयली हसली नाही. तिने माझे एक चित्र पडद्यावर लावले आणि तिथेच थांबवले. हरणांचा कळप ढिगात तोंडे खुपसून उभा होता. एकाच्या ओठांवरची लाळ बिटावर ओघळत होती आणि तेच बीट दुसरे चावत होते.

"हे नीट बघा. सगळी एकमेकांचं उष्टं खातायत. एक जरी आजारी आलं, तरी आपण अख्खा कळप संपवला. कुणी दुसऱ्याने नाही, आपण. तो रोग मी आपल्या रानात येऊ देणार नाही. पुढची पोरंबाळं इथे आली तर त्यांना हरणं दिसली पाहिजेत."

डेलने कुरकुरत का होईना, दुसऱ्या दिवशी ढीग उचलला. उर्होंनी स्वतः जाऊन मिठाची वीट काढली आणि परत येऊन बूट झटकले.

"वीट गेली, विषय संपला. आता तिथे एक जरी हरीण चाटायला आलं, तर माझा सदरा कापा."

हे साधे बोलणे नव्हते. त्या भागात रीत अशी, की ज्याचा हरणावरचा नेम चुकतो त्याच्या सदऱ्याचा मागचा घोळ कापून भिंतीवर ठोकतात. काँगासांच्या भिंतीवर अशा चिंध्यांची रांग होती. डेलच्या पुष्कळ, आयलीच्या थोड्या, क्लॅरेन्सच्या तर पाहुणा असूनही होत्या. उर्होंची एकही नव्हती. लाल-काळ्या चौकटीचा तो लोकरी सदरा अजून अखंड होता आणि त्यांना त्याचा गर्व होता.

मला पुन्हा मेपलला बांधले. ढीग नाही, वीट नाही, समोर नुसता कुजका बुंधा. माझी बॅटरी जुनी होती आणि थंडी वाढत चालली होती. थंडीत बॅटरीचा जीव निम्मा होतो. पण मी ठरवले, की इथे काय होते ते टिपल्याशिवाय आपण डोळा मिटायचा नाही.

आणि हरणे आली. आधी एक म्हातारी मादी आली. तिने बुंधा हुंगला, मग पुढचे पाय दुमडून माती चाटू लागली. तिच्या मागून दुसरी आली, मग पाडसे आली. वीट गेली होती, पण इतक्या वर्षांच्या पावसाने तिचे मीठ जमिनीत खोल उतरले होते. हरणे माती चाटत, उकरत, खात होती. बघता बघता तिथे परातीएवढा खड्डा झाला आणि सगळी तोंडे त्या खड्ड्यात. ती म्हातारी मादी तर फारच वाळली होती. तिच्या बरगड्या माझ्या चित्रातसुद्धा मोजता आल्या असत्या. माझे भिंग धुरकटले, अधूनमधून मला ग्लानी येई, तरी जो जो आला तो तो मी टिपला.

हंगामाला दोन दिवस उरले तेव्हा आयलीने मला सोडवून कॅम्पवर नेले. एकामागून एक चित्रे येत गेली. हरीण, हरीण, पुन्हा हरीण. पेस्टी निवत होत्या आणि कुणी हात लावत नव्हते.

"वीट नसताना?" डेल हळूच म्हणाला.

उर्हो उठले. त्यांनी अंगावरचा कोट काढला, कात्री आयलीच्या हातात दिली आणि पाठ फिरवून उभे राहिले.

"काप."

"बाबा, ते गमतीत म्हणालात. आणि तुम्ही काही गोळी झाडली नव्हती."

"नेम धरला होता की नाही? वाटलं, हरणांचं भलं करतोय. आयुष्यभर तेच वाटलं. नेम चुकला. काप म्हणतो ना!"

आयलीने सदरा कापला. कात्री चालताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. म्हाताऱ्याने ती चिंधी स्वतःच्या हाताने भिंतीवर ठोकली, खिळा दोनदा वाकला तरी ठोकली, आणि मगच ते जेवायला बसले.

आयलीने वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला फोन लावला. त्याने सांगितले, की खारट माती खणून काढा, आम्ही सांगू तिथे नेऊन टाका आणि खड्ड्याभोवती जाळी ठोका. जमीन एकदा पुरती गोठली की वसंतापर्यंत कुदळ चालणार नव्हती. म्हणजे हे काम आत्ताच करायला हवे होते.

"अगं, परवा पंधरा तारीख!" डेल ओरडला. पंधरा नोव्हेंबरला शिकारीचा हंगाम उघडतो, आणि तिकडे त्या दिवशी शाळासुद्धा बंद ठेवतात, इतका तो मोठा. "आपण तिथे ठोकाठोक केली तर मैलभरात हरीण फिरकणार नाही. बाबांना पुढच्या वर्षी मचाणावर चढता येईल की नाही, कुणाला ठाऊक!"

"माझ्या मचाणाचं मी बघतो," उर्हो म्हणाले. "तू कुदळ बघ."

मला पुन्हा माझ्या जागी बांधले होते, म्हणून पुढचे सगळे मी टिपले. आयली कुदळ मारत होती. डेल तोंड पाडून माती पोत्यांत भरत होता. उर्हो उपड्या बादलीवर बसून खुरप्याने कडेची माती खरवडत होते. पंधरा तारीख उजाडली. चहूकडून बंदुकांचे आवाज येऊ लागले आणि हे तिघे खणतच होते. पहिल्या आवाजाला उर्होंनी मान वर केली, क्षणभर ऐकले आणि पुन्हा मान खाली घातली. त्यांना किती वाईट वाटले असेल ते मी सांगू शकत नाही.

क्लॅरेन्स नारिंगी जाकीट घालून डोकावला. "काय हो, सोनं लागलं का?"

"मीठ लागलं," आयली म्हणाली. "तुझ्याकडेही असेल. खणून बघ."

तो हसत निघून गेला.

त्या हंगामात काँगासांना एकच हरीण मिळाले. ती वाळलेली म्हातारी मादी ओढ्याजवळ आयलीच्या टप्प्यात आली. आयलीने तिला टिपले आणि तिचे डोके रोगाच्या तपासणीला पाठवले. काही आठवड्यांनी उत्तर आले. रोग नव्हता, मादीचे दात झिजून संपले होते.

डेलने दोन्ही हात पसरले. "झालं! मग आपण खणलं कशाला?"

"रोग नव्हता तेव्हाच खणायचं असतं," उर्हो म्हणाले. "असता तर काय खणणार होतास? थडगी?"

डेल सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवायला निघून गेला.

पुढच्या शरद ऋतूत आयलीने मला त्याच मेपलला बांधले. समोर दगडांनी भरलेला खड्डा आणि त्याभोवती जाळी. मी वाट पाहत राहिलो. पाने गळाली, बर्फ पडले. कुणी आले नाही. खरे सांगतो, मला फार एकटे वाटले. मला काही मान होता तो या जागेमुळे, आणि ती जागाच आता रिकामी होती.

कॅम्पवर माझ्यातून दोनच चित्रे निघाली. एकात आयली मला बांधत होती आणि दुसऱ्यात सोडवत होती.

"गेला हा कॅमेरा," डेल म्हणाला. "फेकून द्या."

उर्होंनी मला उचलून खिडकीत ठेवले आणि लंगडत माझ्यासमोरून चालत गेले. मी त्यांना टिपले. परत आले, तेव्हाही टिपले. त्यांनी ते पडद्यावर पाहिले आणि माझ्या चिकटपट्टीवर थाप मारली.

"कॅमेरा ठणठणीत आहे. समोर काही नव्हतं, म्हणून काही नाही दाखवलं. आयली, हेच बघायचं होतं ना आपल्याला?"

आयलीने होकारार्थी मान हलवली. मित्रांनो, इतकी वर्षे मी भरलेली चित्रे आणली आणि मला शाबासकी मिळाली. पण उर्होंची थाप मला मिळाली ती रिकाम्या हाताने आल्यावर. ती मी कशालाही बदलून देणार नाही.

थोड्या दिवसांनी क्लॅरेन्स आला. बराच वेळ टोपी हातात फिरवत दारात उभा राहिला.

"तुमचा तो म्हातारा कॅमेरा मिळेल का? माझ्या रानातली मिठाची वीट मीही उचललीय. पण आपलं... बघावं म्हटलं."

सध्या मी त्याच्या हद्दीतल्या देवदाराला बांधलेला आहे. मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. रानातल्या जीवांच्या प्रेमापोटी तुम्ही कधी कुठे काही ठेवले असेल, तर ते नुसते उचलून परत फिरू नका. मागे जमिनीत काय उरले आहे ते थांबून पाहा, आणि उरले असेल तर हातात कुदळ घ्या. आज सकाळी दोन पाडसे आली आणि गुडघे टेकून माती चाटू लागली. मी त्यांना टिपले आहे. क्लॅरेन्स उद्या येणार आहे, आणि तोवर मी डोळा मिटणार नाही.