दमणीत बसलेल्या दोन विहिणी

झरीतल्या किशनरावांच्या गोठ्यात बैलांच्या शेजारी उभी असते ना, ती जुनी दमणी, बायकामाणसांची बैलगाडी, मीच, मित्रांनो. बाभळीची चाकं, वर कळकाचं छप्पर आणि मागेपुढे जाड पडदे. निजामाच्या अमलात गावच्या सुताराने मला घडवलं. कितीतरी लेकी मी सासरी पोचवल्या. 'किशनरावांची दमणी हलकी चालते,' असं लोक म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

माझ्यात सगळ्यांत जास्त बसल्या त्या आमच्या मालकीणबाई, नर्मदाबाई. पुढे त्यांची पाळी गेली. 'सुटले एकदाची,' म्हणून त्या हसल्या होत्या. पण वर्षभरात वेगळाच त्रास सुरू झाला. लघवीला सारखी घाई होई आणि करताना आग होई. शिंक आली तरी थेंब गळे. आतली जागा कोरडी पडून चुरचुरे. हे सांगणार कोणाला? बाहेर निघायचं असलं की त्या पाणीच पीत नसत. त्याने आग आणखी वाढे.

एकदा जिंतूरच्या बाजारातून येताना त्यांना घाई झाली. पुढे गाडीवान सटवाजी बसलेला. पुरुषमाणसाला थांब कसं म्हणावं, म्हणून त्या ओठ दाबून बसल्या. सडकेच्या खड्ड्यात माझं चाक आदळलं आणि गादी ओली झाली. घरी आल्यावर 'तांब्या कलंडला' असं सांगून त्यांनी ती स्वतःच धुतली.

त्यानंतर त्या माझ्यात बसल्याच नाहीत. लग्नाला नाही की जत्रेला नाही. माझ्यात कडबा भरला गेला. कोंबड्या अंडी घालू लागल्या.

मग चारठाण्याहून सांगावा आला. लेक पद्मजाला तिथे सासरीच मुलगी झाली होती, बारशाला या. 'गुडघे दुखतात, येणं होणार नाही,' असं नर्मदाबाईंनी कळवलं. पद्मजा तिकडे रडली. ते पाहून तिची सासू कस्तुराबाई परभणीला जाता जाता मुद्दाम झरीला उतरल्या. घरात माणसं होती, म्हणून दोघी गोठ्याकडे आल्या, कडबा बाजूला सारून माझ्यात बसल्या आणि पडदा ओढून घेतला.

"विहीणबाई, गुडघ्याचं ऱ्हाऊ द्या. खरं काय ते सांगा."

नर्मदाबाईंनी पडदा नीट लागलाय ना ते पाहिलं. मग रडत रडत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

कस्तुराबाईंना हसूच आलं. "अवो, मला बी तेच व्हायलंय! मी परभणीला कशाला चाललेय? तितल्या दवाखान्यात बाई डॉक्टर हाय. चला माझ्यासंगं."

"विहिणीपुढं असलं बोलायचं म्हंजे लय लाज वाटती."

"मी बी बोललेच की आता!"

दोघींना मीच परभणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, आगीवर औषध दिलं. परतताना दोघी त्यांचं बोलणं पुन्हा पुन्हा घोकत होत्या. पाणी तोडायचं नाही, लघवी दाबून ठेवायची नाही, तिथे साबण लावायचा नाही, कोरडेपणाला स्वच्छ खोबरेल लावायचं.

"आमच्या मालकाला बी मी सांगून टाकलं, जवळ आल्यावर मला दुखतंय म्हणून," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. "ऐकलं की त्यांनी."

नर्मदाबाईंची आग थांबली. घाई मात्र राहिली. बारशाला निघताना त्या पोटभर पाणी प्याल्या आणि पडद्याआडून म्हणाल्या, "सटवाजी, मला वाटंत लय डाव उतरावं लागंल."

"उतरा की, बाई. बैलांना बी दम मिळंल."

एवढंच! इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं, ते एवढ्यात झालं. आम्ही ओढ्यापाशी थांबलो, आमराईत थांबलो, विहिरीपाशी थांबलो. चारठाण्याला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. पाळणा आमच्यासाठी खोळंबला होता. नर्मदाबाईंनी नातीला मांडीवर घेतलं.

"किती डाव थांबलात?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"कोण मोजतंय!"

दोघींचं हसणं मला अंगणात ऐकू आलं.

मित्रांनो, आता माझे पडदे विरले आहेत, चाकंही कुरकुरतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्ही पुढे बैलगाडीने जाल, नाहीतर मोटारीने. वाटेत आई किंवा आजी 'जरा थांबवा' म्हणाली, तर कारण विचारू नका. गाडी थांबवा. आणि ती परत येऊन बसली की तिला प्यायला पाणी द्या.